चिमटा सरळ करायचा की नवा?

१९५१ साली सोनीपतला अ‍ॅटलस, १९५६ साली लुधियान्यात हिरो असे कारखाने निघाले, आणि सायकल हळूहळू शेतकऱ्याच्या दारात आली. दुधाच्या किटल्या, कडब्याच्या पेंढ्या, सगळं तिच्यावरच. पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्याला ४०, कारण भार मागं. चाक आऊट गेलं तर मिस्त्री तारा आवळून-सैल करून आऊट काढायचा; रिम कुणी फेकत नसे.

चिमट्याचं मात्र तसं नव्हतं. तो वाकला की आमचे अण्णा आधी चिंधीनं पुसून वाकल्या जागेवर नख फिरवत. नुसता वाक असला तर सरळ करून घेत. नख अडकलं म्हणजे चीर. मग पायलीभर ज्वारी जास्त विकावी लागली तरी नवाच. म्हणायचे, "पैसा पुढच्या सुगीला मिळंल, पडलेले दात मिळायचे न्हाईत."