पागोळीपासून सुरुवात

पेणहून रोह्याकडे जाताना रस्त्याकडेची घरे पाहत गेले, की एक जोडकाम पुन्हा पुन्हा दिसते: खाली सपाट स्लॅब, आणि त्यावर लोखंडी खांबांवर चढवलेले पत्र्याचे उतरते छप्पर. शिकलेली मंडळी त्या पत्र्याला नाक मुरडतात. मला मात्र घरबांधणीत जुन्या-नव्याचा मेळ घालण्याच्या या अभ्यासाचा उंबरठा तिथेच दिसतो. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या मुलखात सपाट छप्पर आले, गळू लागले, आणि लोकांनी आर्किटेक्टला न विचारता कौलारू घराचा उतार परत आणला. शिवाय कपडे वाळवायला, लाकूडफाटा ठेवायला कोरडी जागा मिळाली. जुन्या-नव्याचा मेळ लोकांनी असा घातला. देखणा नाही, एवढेच.

नव्या बंगल्यांत परंपरा येते ती बहुधा कोरीव खांब, पितळी कड्या आणि झोपाळ्याच्या रूपाने. हा झाला साज. परंपरा खरी कळते घर उभे कापून पाहिल्यावर. उंच जोते ओल वर चढू देत नाही. पडवी आणि वळचण झडीला भिंतीपर्यंत पोहोचू देत नाहीत. माळा कौलांचा ताप वरच अडवतो. यातले काहीही काँक्रीटमध्ये करता येते, करायला हवे. पेण तालुक्यात तर पडवी हा हौसेचा भाग नव्हेच. हमरापूर-जोह्याकडे गणपतीचे काम ऐन पावसाळ्यात चालते. मूर्ती वाळायला छप्पर हवे आणि वाराही हवा. तिथे घराचा नकाशा काढायचा तो कारखान्यासकट.

पण एक गोष्ट सुरुवातीलाच सांगितलेली बरी. ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर ही उतरंड पावसासारखीच माणसेही गाळत असे. कोण अंगणातच थांबणार, कोण ओटीवर बसणार, हे जातीने ठरे; माजघराचा अंधार आणि चुलीचा धूर बायकांच्या वाट्याला येई. जुन्या वाड्यांवर हळवेपणाने लिहिणाऱ्यांना हे दिसत नाही. आपल्याला पहिली गाळणी हवी, दुसरी नको. आणि दोन्ही त्याच भिंतींत बसलेल्या असल्यामुळे त्या वेगळ्या करणे अवघड आहे. या विषयातली खरी बौद्धिक मेहनत इथे आहे.

वाट दाखवणारी कामे फार दूर नाहीत. ऐंशीच्या दशकात आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांनी बेलापूरला छोट्या चौकांभोवती घरे मांडली, आणि दोन घरांत सामाईक भिंत ठेवली नाही, म्हणजे ज्याला त्याला आपले घर वाढवता यावे. रायगडातल्याच नांदगावच्या पाल्मायरा हाऊसमध्ये (२००७) बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने ताडाच्या खोडाच्या पट्ट्यांतून वारा आत घेतला. सुंदर काम, पण ते सुटीचे घर. शाळा, दुकान, आजारपण सांभाळत बारा महिने राहणाऱ्या कुटुंबाचे गणित निराळे.

त्या गणितात शाकारणीही येते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडात असंख्य घरांची कौले-पत्रे उडवली. कौल फुटले तर बदलता येते, पण वर चढणारा माणूस हवा. तो आता सहज मिळत नाही, हे नकाशा काढतानाच धरून चालावे लागते.

या अभ्यासाला येणाऱ्यांचे स्वागत. पुस्तके नंतर उघडू. आधी जुलैत या. टेप, वही आणि छत्री घेऊन. पागोळी जोत्यापासून किती अंतरावर पडते ते मोजा, आणि दाराशी काढलेल्या चपला कोरड्या राहतात का, ते पाहा.