मिसिरलू : एका धुनेचा माग

'पल्प फिक्शन' हा अमेरिकी चित्रपट १९९४ साली आला. त्याच्या नामावलीबरोबर वाजणारी गिटारची भन्नाट धून तेव्हापासून जगभर पोहोचली. तिचे नाव 'मिसिरलू'. ऐकणाऱ्याला ती अस्सल अमेरिकी वाटते. पण नावच वेगळी हकीकत सांगते. अरबीत इजिप्तला 'मिस्र' म्हणतात, तुर्कीत तिथला रहिवासी 'मिसिर्ली'. त्याला ग्रीकांनी आपला स्त्रीलिंगी प्रत्यय लावला आणि 'मिसिरलू', म्हणजे मिसरी स्त्री, हा शब्द झाला. एका शब्दात तीन भाषा नांदतात.

या धुनेच्या तबकड्यांचा माग उलटा काढत गेले की वाट पूर्वेकडे वळते. चित्रपटात वाजते ती तबकडी १९६२ सालची, डिक डेल याची. त्याचे मूळ नाव रिचर्ड मन्सूर, वडील लेबनानी वंशाचे. त्याचा चुलता ऊद वाजवीत असे. एकाच तारेवर आख्खी धून वाजवून दाखव, असे एका चाहत्याने म्हणताच त्याला चुलत्याचे वादन आठवले आणि त्याने तीच धून कितीतरी पट वेगाने विजेच्या गिटारवर घेतली.

त्याआधी, १९४१ साली, निक रुबानिस या ग्रीक-अमेरिकी संगीतशिक्षकाने तिला जॅझच्या वाद्यमेळात बसवले आणि संगीतकार म्हणून स्वतःचे नाव नोंदवले. त्यानंतरच्या असंख्य तबकड्यांवर तेच नाव छापले गेले. पण १९३०च्या सुमारास मिखालिस पात्रिनोस याने ती ग्रीक भाषेत गायिली होती. त्याहून जुनी, आज माहीत असलेली पहिली तबकडी १९२७ सालची, न्यूयॉर्कची. गायक तेतोस दिमित्रियादिस, जन्माने इस्तंबूलचा ग्रीक. तिथे चाल संथ आहे. मिसरी स्त्रीच्या प्रेमाचे ते गाणे आहे. मूळ कर्ता कोण, याचे उत्तर एकही तबकडी देत नाही.

स्वर मात्र आपल्या कानाला परके नाहीत. कोमल रिषभ, कोमल धैवत आणि बाकीचे शुद्ध : आपण ज्याला भैरव थाट म्हणतो तेच हे स्वर. तुर्की आणि अरब वादक त्याला 'हिजाजकार' म्हणतात.

पहिल्या तबकडीच्या चारच वर्षे आधी, १९२३ साली, लोझानच्या करारान्वये ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी माणसांची अदलाबदल केली. सुमारे बारा लाख ख्रिस्ती आणि साडेतीन-चार लाख मुसलमान यांची मुळे उपटली गेली. कसोटी धर्माची होती, भाषेची नव्हती. ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान तुर्कस्तानात गेले, तुर्की बोलणारे अनातोलियाचे ख्रिस्ती ग्रीसमध्ये. मायबोली एक आणि धर्म दुसराच, असे असू शकते, हे कराराने जमेस धरले नाही. मराठी मुसलमानाला ते कुणी समजावून सांगायची गरज नाही.

माणसांची वाटणी झाली, धुनेची करता आली नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकच्या समारोपात ग्रीसने जगाला जी गाणी ऐकवली, त्यांत 'मिसिरलू' होते. ग्रीसने ते आपले म्हणून गायिले, आणि त्याचे नाव मिसरीच राहिले.