ट्रान्झिस्टर-प्रतिमानातील प्राचलांची घडण

विद्युत् मंडलांच्या संगणकीय सदृशीकरणात ट्रान्झिस्टरचे वर्णन प्राचलांच्या एका यादीने केलेले असते. ही यादी म्हणजे ट्रान्झिस्टरच्या मोजलेल्या गुणधर्मांचे कोष्टक होय, अशी विद्यार्थ्यांची सामान्यतः समजूत असते. यादीचा इतिहास पाहिला म्हणजे ही समजूत अपुरी ठरते. निरनिराळ्या काळी मांडलेल्या कल्पनांचे थर तीत एकावर एक बसलेले आढळतात.

यांतील पाया १९५४ साली घातला गेला. बेल प्रयोगशाळेतील एबर्स व मोल यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या निबंधात संधी ट्रान्झिस्टर हा परस्परांशी निगडित अशा दोन डायोडांचा बनलेला आहे, असे मानून त्याची समीकरणे दिली. त्यांच्या आज रूढ असलेल्या रूपात संपृक्त प्रवाह (आयएस) आणि पुरोगामी व प्रतिगामी प्रवाहलाभ (बीएफ, बीआर) ही तीन मुख्य प्राचले येतात.

कलेक्टरवरील दाब वाढला असता बेसची परिणामी रुंदी घटते व प्रवाह वाढतो, हे जेम्स अर्ली यांनी १९५२ सालीच दाखवून दिले होते. तथापि हा परिणाम एबर्स-मोल प्रतिमानाच्या मूळ समीकरणांत अंतर्भूत नव्हता. पुढे १९७० साली त्याच प्रयोगशाळेतील गुमेल व पून यांनी बेसमधील एकूण विद्युत् भार हीच मध्यवर्ती राशी धरली. त्यायोगे अर्ली-परिणाम आणि मोठ्या प्रवाहास लाभ कमी होण्याची घटना ही दोन्ही एकाच सूत्रात आली. व्हीएएफ आणि आयकेएफ ही प्राचले अनुक्रमे या दोहोंची द्योतक होत.

हे सिद्धांत सर्वांच्या नित्य वापरात आले ते बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठामुळे. रोरर यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे 'कॅन्सर' नावाची आज्ञावली सिद्ध झाली होती. तिच्यातूनच लॉरेन्स नेगल यांनी पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली 'स्पाइस' ही आज्ञावली घडविली. ती १९७३ साली विद्वानांपुढे आली. तिची दुसरी आवृत्ती १९७५ ची. ती मुक्तपणे दिली गेल्याने तिची प्राचलनामेही सर्वत्र रूढ झाली.

येथे एक व्यवस्था विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. वापरणाऱ्याने काही प्राचले दिली नाहीत, तर गुमेल-पून प्रतिमान आपोआप साध्या एबर्स-मोल प्रतिमानावर येते. व्हीएएफचे गृहीत मूल्य अनंत असते. अर्थात अर्ली-परिणाम वगळला जातो. मूल्य न देणाराही नकळत १९५४ सालचा ट्रान्झिस्टरच निवडीत असतो.

याचे फल प्रत्यक्ष आकड्यांत पाहावे. व्हीएएफ १०० व्होल्ट आणि प्रवाह १ मिलिअँपिअर असता निर्गम रोध सुमारे १०० किलोओहम भरतो. आदर्श प्रवाहस्रोताचा भार जोडल्यास दाबाचे विवर्धन २७ अंश सेल्सिअस तापमानास सुमारे ३,८७० होते. व्हीएएफ न दिल्यास मात्र याच मंडलाचे विवर्धन अमर्याद ठरते. आयएसची गोष्टही अशीच. त्याचे गृहीत मूल्य, म्हणजे १० चा ऋण १६ वा घात अँपिअर, तसेच ठेवले तर १ मिलिअँपिअर प्रवाहास बेस-एमिटर दाब सुमारे ०.७७ व्होल्ट येतो. आयएस शंभरपट केल्यास तो ०.६५ व्होल्टपर्यंत उतरतो.

तात्पर्य, संगणकाचे उत्तर अनेक दशांश स्थळांपर्यंत असले, तरी त्याची सत्यता प्रतिमानाच्या सत्यतेहून अधिक असू शकत नाही. बीएफ हा आदर्श महत्तम लाभ असल्याने उत्पादकाच्या माहितीपत्रकातील लाभाशी त्याचे तंतोतंत ऐक्य मानणेही चूकच होय. यादीतील शून्य किंवा अनंत हे मूल्य निसर्गाने दिलेले नाही. विवक्षित परिणाम विचारात घेतलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून प्रत्येक प्राचल कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून यादीत आले, हे जाणूनच अभ्यासकाने त्याचे मूल्य लिहावे किंवा गाळावे.