कण्याचा घाव आणि मुक्या जनावरांचे ऋण



आम्ही वैद्यकाचे पदवीधर नव्हे. आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले आणि जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तरीही हा विषय निवडला त्याला कारण आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गोदामात पोत्यांची थप्पी आमच्या एका सोबत्याच्या पाठीवर कोसळली. आम्हीच चौघांनी त्याला खांद्यांना आणि पायांना धरून उचलले व हातगाडीवर घातले. त्याचे पाय पुन्हा हलले नाहीत. ते थप्पीने गेले की आमच्या उचलण्याने, हा प्रश्न तेव्हापासून आमची पाठ सोडीत नाही. त्याचे उत्तर शोधताना जो इतिहास हाती लागला, तोच आज आपल्यापुढे ठेवतो.

मज्जारज्जूचा घाव माणसाला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. इ. स. पूर्व १६००च्या सुमारास लिहिलेली एक इजिप्शियन वैद्यकीय गुंडाळी एडविन स्मिथच्या नावाने प्रसिद्ध आहे. मानेचा मणका निखळून हातापायांची जाणीव गेली आणि लघवी आपोआप गळू लागली, तर या दुखण्यावर इलाज करू नये, असा तिच्यात निर्वाळा आहे. पुढे दुसऱ्या शतकात गॅलन हा वैद्य होऊन गेला. लोकांच्या करमणुकीसाठी रिंगणात लढणाऱ्या ग्लॅडिएटरांवर उपचार करण्याचे काम त्याने तरुणपणी पर्गामम येथे केले. त्याने जनावरांचे मज्जारज्जू वेगवेगळ्या मणक्यांच्या पातळीवर कापून पाहिले. रज्जू मधोमध उभा चिरला तर अंग लुळे पडत नाही. आडवा छेदला तर छेदाखालचे लुळे पडते. मानेत फार वर छेदला तर श्वासच थांबतो. हे ज्ञान मोठे खरे, पण भुलीचे औषध निघण्यापूर्वीची सतरा शतके जनावरांनी त्याची किंमत शुद्धीवर राहून मोजली, हेही विसरता कामा नये.

परंतु गोदामात किंवा खाणीत माणसाचा रज्जू सुरीने कापला जात नाही. तो चेचला जातो. ही गोष्ट नेमक्या मापाने प्रयोगात उतरवली ती फिलाडेल्फियाच्या आल्फ्रेड रेजिनाल्ड ॲलन या डॉक्टराने, १९११ साली. कुत्र्याच्या मणक्याचा वरचा भाग काढून त्याने रज्जू उघडा केला आणि ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून त्यावर सोडले. वजनाला उंचीने गुणले की आघाताचे माप निघे. ते तो ग्रॅम-सेंटिमीटरमध्ये मांडी. मग त्याला एक विलक्षण गोष्ट दिसली. आघातानंतर रज्जूला मध्यभागी चीर देऊन आत साचलेले रक्त काढून टाकले, तर कुत्र्यांत सुधारणा होई. म्हणजे सारा नाश आघाताच्या क्षणीच होत नव्हता! जखमी भागात मागाहून काही घातक द्रव्य तयार होत असावे, असे त्याने १९१४ साली सुचवले. १९१८ साली पहिल्या महायुद्धात ॲलन स्वतः मारला गेला. पण त्याचा विचार टिकला. पहिल्या घावामागून सूज, रक्तस्राव आणि प्राणवायूची तूट यांचा दुसरा घाव तासन् तास, दिवसेंदिवस चालू राहतो, हे आज सर्वमान्य आहे.

पुढे कुत्र्याची जागा मांजराने आणि मग उंदराने घेतली. १९९२ साली न्यूयॉर्कच्या विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या यंत्रात १० ग्रॅमचा दांडा १२.५, २५ किंवा ५० मिलिमीटरवरून पडे. १९९५ साली तर घुशीएवढ्या मोठ्या उंदराची चाल ० ते २१ अशा गुणांत मोजण्याची रीत ठरली. मात्र जनावर म्हणजे माणूस नव्हे. मोठ्या उंदराच्या चेचलेल्या रज्जूत माणसाप्रमाणे पोकळी पडते. लहान उंदरात ती पडत नाही, तिथे व्रणाची ऊती भरते. मिथिलप्रेड्निसोलोन हे औषध प्राणिप्रयोगांत आशादायक ठरले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकन चाचणीवरून ते अपघातानंतर आठ तासांच्या आत देण्याचा प्रघात पडला. आणि २०१३ साली तिथल्याच मज्जाशल्यतज्ज्ञांनी ते देऊ नये, असा सल्ला दिला. तुटलेला रज्जू पूर्ववत करणारे औषध आजही नाही.

मग या जनावरांनी आम्हांस काय दिले? आपल्या देशात १९६० सालच्या कायद्याने प्रयोगातील प्राण्याला भूल देण्याचे व दयेने वागवण्याचे बंधन घातले, ते योग्यच झाले. पण ऋण तेवढ्याने फिटत नाही. त्यांनी शिकवले ते अमलात आणणे हीच खरी फेड. पहिला घाव पडला तरी सर्व संपलेले नसते. उरलेला रज्जू वाचवायला काही तास हाती असतात. म्हणून मोडल्या कण्याच्या माणसाला ओढू नये, वाकवू नये, बसते करू नये. मान व पाठ एका रेषेत धरून, फळीवर सरळ निजवून न्यावे. आम्ही चौघांना हे कोणी सांगितले नव्हते. आज आमच्या प्रत्येक शाखेत ते शिकवले जाते आणि दाराशी फळी उभी असते.

आणखी एक. ॲलनने कुत्र्याच्या पाठीवर पडणारे वजन आणि त्याची उंची काटेकोर मोजली होती. आमच्या सोबत्याच्या डोक्यावर किती पोती, किती उंच रचली होती, हे मात्र त्या गोदामात कोणीच मोजले नव्हते. ज्या घावाला औषध नाही त्याला एकच उतारा आहे: थप्पीची उंची आधी ठरवा, मग माणूस तिच्याखाली पाठवा.