वाणिज्यदूत आणि परदेशी बंदिवान : येरवडा ते हेग

पेशवाईत परदरबारी राहणाऱ्या प्रतिनिधीस ‘वकील’ म्हणत. पुढे इंग्रजी अमलात हा शब्द न्यायालयात पक्षकाराची बाजू मांडणाऱ्यास रूढ झाला. ‘वकिलात’ हा शब्द मात्र परराष्ट्राच्या कचेरीसाठीच टिकून राहिला. हे दोन्ही अर्थ आजही परदेशी बंदिवानाच्या कोठडीत एकत्र येतात. तेथे वकिलातीचा अधिकारी येतो तो बंदिवानाला कायद्याचा वकील मिळवून देण्यासाठी.

या अधिकाऱ्याचे, म्हणजे वाणिज्यदूताचे, स्थान 24 एप्रिल 1963 रोजी संमत झालेल्या व्हिएन्ना कराराने निश्चित केले. पाकिस्तानने 1969 मध्ये व भारताने 1977 मध्ये तो स्वीकारला. राजदूताच्या मानाने वाणिज्यदूतास मिळणारे संरक्षण मर्यादित असते. अनुच्छेद 43 अन्वये ते केवळ कार्यालयीन कृत्यांपुरते असून, गंभीर गुन्ह्यात सक्षम न्यायसंस्थेच्या निर्णयानुसार त्याला अटकही होऊ शकते. यजमान देशाच्या न्यायालयावर त्याची सत्ता चालत नाही. परंतु अनुच्छेद 36 त्याला एक मोलाचा हक्क देतो : आपल्या देशाच्या बंदिवानास भेटणे, त्याच्याशी बोलणे, पत्रव्यवहार करणे आणि त्याच्यासाठी वकिलाची व्यवस्था करणे. बंदिवानास या हक्काची जाणीव विनाविलंब करून देणे हे अटक करणाऱ्या देशाचे कर्तव्य होय.

हा हक्क बजावण्याची इच्छा बंदिवानाच्या स्वदेशाला नसेल तर काय होते, हे येरवड्याच्या कारागृहाने पाहिले आहे. नोव्हेंबर 2008 मधील मुंबई हल्ल्यात पकडलेल्या अजमल कसाबने पाकिस्तानच्या उच्चायुक्तालयास उद्देशून लिहिलेले पत्र भारताने डिसेंबर 2008 मध्ये त्या कचेरीच्या हाती दिले. त्याचे नागरिकत्व प्रथम नाकारणाऱ्या पाकिस्तानने जानेवारी 2009 मध्ये ते मान्य केले. 21 नोव्हेंबर 2012 रोजी येरवड्यात त्याला फाशी देण्यात आली आणि कारागृहाच्या आवारातच त्याचे दफन झाले. त्याच्या अपराधाविषयी येथे वाद नाही. बंदिवानाची हाक पोहोचवणे हे यजमानाचे काम. तिला उत्तर देणे सर्वस्वी स्वदेशाच्या इच्छेवर अवलंबून असते, एवढेच यावरून दिसते.

कुलभूषण जाधव प्रकरणात स्थिती नेमकी उलट होती. मुंबईच्या मराठी कुटुंबातील या माजी नौदल अधिकाऱ्यास पाकिस्तानने मार्च 2016 मध्ये अटक केल्याचे जाहीर केले आणि एप्रिल 2017 मध्ये लष्करी न्यायालयाने त्यास देहदंड सुनावला. भारताने वारंवार मागूनही वाणिज्यदूताची भेट मिळाली नाही. हेरगिरीच्या आरोपात हा हक्क लागू नाही, तसेच 2008 चा द्विपक्षीय करार सुरक्षाविषयक प्रकरणे स्वतंत्र विचारासाठी राखून ठेवतो, असा पाकिस्तानचा पक्ष होता. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 17 जुलै 2019 रोजी पंधरा विरुद्ध एक मताने तो अमान्य केला. अनुच्छेद 36 आरोपाचे स्वरूप पाहत नाही, हा या निर्णयाचा गाभा होय. मात्र न्यायालयाने मुक्ततेचा आदेश दिला नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा, एवढेच फर्माविले. भारतीय अधिकाऱ्याची पहिली भेट 2 सप्टेंबर 2019 रोजी झाली.

तत्पूर्वी 25 डिसेंबर 2017 रोजी जाधवांची आई व पत्नी इस्लामाबादेत काचेच्या आडून त्यांना भेटल्या होत्या. ती कौटुंबिक भेट होती, वाणिज्यदूताची नव्हे. आईला मातृभाषेत बोलू दिले नाही, असे भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने नंतर निवेदनात म्हटले. अनुच्छेद 36 मधील ‘संभाषण’ या शब्दाचे मोल या प्रसंगाने कळते. पहारेकऱ्यास समजेल तेवढेच बोलण्याची मुभा असेल, तर भेट घडूनही संभाषण अपुरेच राहते.

वाणिज्यदूत कोणाची सुटका करू शकत नाही, शिक्षाही बदलू शकत नाही. बंदिवान एकटा नाही, त्याच्या मागे एक राष्ट्र उभे आहे, हे तो केवळ आपल्या उपस्थितीने सिद्ध करतो. जुन्या ‘वकील’ शब्दातील प्रतिनिधित्वाचा अर्थ येथे पूर्णत्वास जातो. आणि तो प्रतिनिधी आलाच नाही, तर करारातील कलमे बंदिवानाच्या उपयोगी पडत नाहीत.