शेगडी, हीट पंप आणि १९९८

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या घरी डक्टलेस हीट पंप बसवला. दिसायला अगदी आपला स्प्लिट एसी! चालतो मात्र उलटा : बाहेरच्या गारठ्यातली उष्णता खेचून आत सोडतो. ही कल्पना केल्विनची, १८५२ मधली. झुरिकच्या टाउन हॉलला तर १९३८ पासून असाच पंप लिमात नदीतून ऊब उपसून द्यायचा, तोही २००१ पर्यंत!

मेनने २०१९ मध्ये ठरवलं, २०२५ पर्यंत एक लाख पंप. २०२३ मध्येच झाले. मग मी लाकडाची शेगडी काढायला निघालो, तर शेजारचे आजोबा भडकलेच. जानेवारी १९९८ मध्ये पडता पाऊस तारांवर गोठला, तारा तुटल्या, निम्मं राज्य अंधारात... काही घरं दोन आठवडे. पंपाला वीज लागते, हे मी इंजिनिअर असून विसरलो होतो. शेगडी ठेवली. या शनिवारी लाकडं रचतोय.