लुका मोद्रिच याची उमेदवारीची वर्षे

२०१८ साली मॉस्कोत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सने क्रोएशियाचा ४-२ असा पराभव केला; तथापि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान पराभूत संघाच्या नायकास मिळाला. त्याच वर्षी ‘बालोन दोर’ हा युरोपातील श्रेष्ठ सन्मानही त्याजकडे चालत आला. हा नायक म्हणजे लुका मोद्रिच. त्याचे पुढील वैभव सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस येथे त्याच्या उमेदवारीविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत.

लुकाचा जन्म ९ सप्टेंबर १९८५ रोजी झादर या समुद्रकाठच्या शहरी झाला. वेलेबित पर्वताच्या पायथ्याशी मोद्रिची नावाची छोटी वाडी आहे. तेथे आजोबांच्या घरी, बकऱ्यांच्या संगतीत त्याचे बालपण गेले. आजोबांचेही नाव लुकाच. नातवाला त्यांचेच नाव ठेविले होते. युगोस्लाव्हिया फुटून युद्ध पेटले आणि डिसेंबर १९९१ मध्ये सर्ब बंडखोरांनी या वृद्धास घराजवळच ठार केले. घर जाळण्यात आले. वडील सैन्यात दाखल झाले व कुटुंब झादरमधील कोलोवारे नावाच्या हॉटेलात निर्वासित म्हणून राहू लागले. एक-दोन महिने नव्हे, कित्येक वर्षे! शहरावर तोफगोळे पडत आणि हॉटेलच्या मोटारी उभ्या करण्याच्या जागेत हा मुलगा चेंडू खेळे. मध्यफळीतील खेळाडूस धावण्याहून पाहणे अधिक यावे लागते. चेंडू पायाशी येण्यापूर्वीच तो कोठे धाडावयाचा हे ठरलेले असावे लागते. ती नजर त्या अरुंद फरसबंदीवर घडली असावी, असे आम्हांस वाटते.

झादरच्या क्लबात तोमिस्लाव बाशिच या गुरुजींनी त्यास हाताशी धरिले. दाल्मातियातील प्रत्येक मुलाचे स्वप्न म्हणजे स्प्लिट शहराचा हायदुक क्लब. तेथे लुकास नेले. परंतु पोर फार लहान व किरकोळ अंगाचे म्हणून परत पाठविण्यात आले. (शरीर मोजावयास फूटपट्टी असते, बुद्धी मोजावयास नसते, परीक्षकांची ही अडचण सर्वच देशांत दिसते.) बाशिच यांनी धीर सोडला नाही. त्यांच्याच खटपटीने सोळाव्या वर्षी लुका हायदुकच्याच कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे, राजधानीतील दिनामो झाग्रेबकडे गेला.

तेथेही लगेच जागा मिळाली नाही. २००३ साली त्यास बोस्नियातील मोस्तारच्या झ्रिन्स्की क्लबाकडे उसना धाडण्यात आले. युद्धाने त्या शहराचे दोन तुकडे केले होते. नेरेत्वा नदीवरील प्राचीन पूल १९९३ मध्ये तोफांनी पडला होता व त्याची पुनर्बांधणी नेमकी याच काळात चालू होती. मैदाने ओबडधोबड, प्रतिपक्षाची गाठ हाडांशी. किरकोळ अंगाचा हा अठरा वर्षांचा मुलगा मात्र त्या हंगामात तेथील साखळीतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. बोस्नियात जो खेळू शकतो तो कोठेही खेळू शकतो, अशा आशयाचे उद्गार त्याने पुढे काढले. ते आम्हांस पोकळ वाटत नाहीत.

पुढील हंगाम इंटर झाप्रेशिच या लहान क्लबात गेला, आणि तो क्लब चक्क साखळीत दुसरा आला! आता दिनामोचे डोळे उघडले. २००५ साली त्यांनी लुकाशी दहा वर्षांचा करार केला. त्या पैशातून त्याने पहिली गोष्ट कोणती केली, तर झादरमध्ये आईवडिलांसाठी घर घेतले. हॉटेलच्या खोल्यांत वाढलेल्या मुलास घराचे मोल कोणी सांगावे लागत नाही.

यानंतर सारे वेगाने घडले. १ मार्च २००६ रोजी बाझेल येथे अर्जेंटिनाविरुद्ध तो देशाकडून प्रथम उतरला. क्रोएशियाने ३-२ असा विजय मिळविला. (त्याच सामन्यात मेस्सीने आपल्या देशासाठी पहिला गोल केला, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे.) दिनामोने सलग तीन वेळा अजिंक्यपद जिंकले. नोव्हेंबर २००७ मध्ये वेम्बलीवर क्रोएशियाने इंग्लंडला ३-२ असे हरवून युरोपीय स्पर्धेबाहेर काढले, तेव्हा मध्यफळीत लुका होता. पाच महिन्यांनी, एप्रिल २००८ मध्ये, लंडनच्या टॉटनहॅम क्लबाने सुमारे १ कोटी ६५ लक्ष पौंड मोजून त्यास आपल्याकडे नेले. इंग्लंडमधील काही जाणकारांनी पहिल्याच हंगामात शंका काढली, की हा गडी फार किरकोळ आहे.